बंद खोलीतली गोळी

थॉमसची नवी रहस्यकथा दीना मोठ्याने वाचत होती, तेही नाइलाजाने. शाळेत मुलांना बायबलातल्या दहा आज्ञा शिकवायच्या आणि घरी नवऱ्याच्या कथांतले मुडदे मोजत बसायचं, हे तिला पटत नसे. पण मिरजगावहून गोरक्ष आला होता, आणि गोरक्षचं अक्षराशी कधी जमलं नव्हतं. ब्रह्मदेशच्या लढाईत तो आणि थॉमस एकाच तोफेवर होते. परतताना गोरक्षचा एक कान वाचला. थॉमसचे दोन्ही गेले. त्यामुळे राहुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत लेखकमहाशय आपली कथा ऐकताना समोरच्यांचे चेहरे कसे होतात तेवढं पाहत होते.

"गुप्तहेराने बंद खोलीत लागोपाठ दोन गोळ्या झाडल्या," दीना वाचत होती. "धूर विरायच्या आतच त्याला भिंतीपलीकडे एक बाई गुणगुणताना ऐकू आली."

गोरक्षला हसू आवरेना. "काय बी लिवतो ह्यो. बंद खोलीत पिस्तूल उडाल्यावर दिसभर कानात नुसती शिट्टी वाजती. बाई कुठली ऐकू येती? तोफखान्यातला मानूस हाय, लोक हसतील. तेवढं काढाया सांगा, वहिनी."

त्याचं खरं होतं. आधीच्या दोन कथा पुण्याच्या मासिकाने साभार परत पाठवल्या होत्या आणि ही उद्याच्या टपालाने जायची होती. थॉमसशी बोलायची पाटी दीनाने जवळ ओढली. लिहिण्याआधी तिने पुढची ओळ मनातच वाचली. ती बाई गुणगुणता गुणगुणता थांबत होती, चूल फुंकत होती आणि अडलेल्या शब्दापासूनच पुन्हा सुरू करत होती.

दीनाचा हात थांबला. तशी सवय तिचीच होती. थॉमस कान गमावून आला तेव्हापासून तिने गाणं सोडलं होतं. ऐकणाराच नाही तर कुणासाठी, असं तिने गृहीत धरलं होतं, आणि त्याला ते कळायचंही नाही, असंही. बसल्या जागेवरून तिचे मिटलेले ओठ त्याला रोज दिसत असणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

तरी तिने गोरक्षचं म्हणणं पाटीवर लिहिलं. थॉमसने ते वाचलं आणि बाहीने पुसून टाकलं.

"मला ठाऊक आहे," तो नेहमीसारखा गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला. "पण त्या गुप्तहेराला तरी ऐकू येऊ दे."

गोरक्षचं हसू ओसरलं. दीना चुलीपाशी जाऊन बसली. भाकरीचं पीठ मळता मळता ती गुणगुणू लागली. आवाज आधी फुटेचना. विस्तव मंदावला तशी ती थांबली, फुंकणीने चूल फुंकली आणि अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं. थॉमस तिच्या ओठांकडे बघत राहिला.

गोरक्षने आपला चांगला कान हाताने झाकून घेतला आणि तोही नुसता तिच्या ओठांकडे बघू लागला.