खाली आलेली सीट

तिचा नवरा आपल्या महागड्या सायकलला घरात कुणाला बोट लावू देत नसे. एकदा त्याला सवड नव्हती म्हणून चेन बदलायला ती स्वतः सायकल घेऊन गेली, तर मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, दादा तर चांगले उंच. मग सीट एवढी खाली कुणासाठी घेतलीय?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. रोज सकाळच्या लांब फेऱ्या, परतल्यावरचं ते गप्प बसणं! संध्याकाळी तिने सरळच विचारलं, "तुमच्या सायकलवर कोण बसते?"

हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत तो म्हणाला,

"मीच. हल्ली थांबताना तोल जातो गं. पाय जमिनीला टेकले की धीर येतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार."

तिला वाटलं, दुसरी कुणी असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.