भारद्वाज दिसला

"पानं मध्ये येतात," म्हणत अण्णांनी जास्वंदीच्या फांद्या छाटल्या आणि शिंजिराचं इवलं घरटं उघडं पडलं. थंडीतल्या कोवळ्या उन्हात पिल्लांच्या वासलेल्या चोची कॅमेऱ्यात सुरेख आल्या. सातवा महिना लागलेल्या सुनेला, वृंदाला, त्यांनी फोटो कौतुकानं दाखवले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची हाक आली. "वृंदा, लवकर ये! परसात भारद्वाज आलाय. या दिवसांत दिसणं फार शुभ गं. हात जोड."

वृंदानं हात जोडले आणि मग पाहिलं. भारद्वाज जास्वंदीवरच बसला होता. घरटं फाटलं होतं आणि त्याच्या चोचीत शेवटचं पिल्लू अजून वळवळत होतं. तिचे हात आपोआप पोटावर आले.

"हलू नकोस, उडेल तो!" अण्णांनी खटका दाबला. "वा! डोहाळजेवणाच्या पत्रिकेवर हाच छापू."