कप्तानाच्या बायकोची खिडकी

गाईडच्या आईचं घर गेलं. पण तसं म्हणायचं नाही. वारसा कचेरीच्या मते घर कुठेही गेलेलं नाही, आहे तिथेच आहे; फक्त आईला हलवलंय. तेव्हा काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ.

गाईड रोज बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांना बेट दाखवायचा. आधी धक्का, मग तोफा, जुनी जकात कचेरी, दोरखंडांची वखार आणि शेवटी दीपगृहाचा चढ. चढाच्या मध्यावर त्याचं घर. नेमका तिथेच त्याचा गुडघा कुरकुरायचा. नुसतं थांबलं तर पाहुणे घड्याळ बघतात, म्हणून त्याने गोष्ट रचली. "वरची ती खिडकी बघा. दोनशे वर्षांपूर्वी एका कप्तानाची बायको तिथे बसून नवऱ्याच्या जहाजाची वाट बघायची. मरेपर्यंत." पाहुणे हळहळायचे. खिडकीतून आई ओरडायची, "अरे, त्या कप्तानाच्या बायकोला येताना साबण आण!" पाहुण्यांना भाषा कळायची नाही. ते तिला हात करायचे.

पंधरा वर्षांत गोष्ट आधी नकाशात गेली, मग शाळेच्या पुस्तकात, मग फायलीत. एका सकाळी जुन्या वास्तू जपणाऱ्या त्या वारसा कचेरीची माणसं भिंग घेऊन आली. खिडकीच्या खालच्या लाकडावर कोपरं टेकून टेकून दोन खळगे पडले होते. तज्ज्ञांनी त्यांचं वय दोनशे वर्षं ठरवलं. आई बहात्तरची. ती म्हणाली, "दिसते खरी मी तेवढी."

घर संरक्षित झालं. संरक्षित घरात कुणी राहायचं नसतं, म्हणून आईला बेटाच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. तिची खिडकी भिंतीकडे उघडते.

गाईड कचेरीत गेला. "साहेब, गोष्ट मी रचलीय. कप्तान नव्हता, त्याची बायकोही नव्हती."

साहेबांनी फाईल चाळली. "मग ते खळगे कुणाचे?"

"आईचे."

"तुमची आई कशाला एवढी वर्षं समुद्राकडे बघत बसेल?"

शिपायासकट सगळी कचेरी कान देऊन होती. गाईडने स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "असंच. वारा येतो."

"वाऱ्याने खळगे पडत नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाईल बांधून टाकली.

आता खिडकीत, आईच्याच खुर्चीवर, मेणाची बाई बसवलीय. आई एकदा बघून आली. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. "आजी, खुर्चीला हात लावायचा नाही," रखवालदाराने दटावलं. परतल्यावर तिने एवढंच सांगितलं, "त्या बाईचं तोंड चुकीच्या बाजूला केलंय रे. त्या बाजूने जहाजं येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी गाईडने कचेरीत अर्ज दिला. आवक खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला, वाचला नाही. त्यात लिहिलं होतं:

"महोदय, घर परत मिळावे अशी अर्जदाराची मागणी नाही. अर्जदार सात वर्षांचा असताना त्याचे वडील मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेले. त्यांना हाच पत्ता माहीत आहे. तरी ते आल्यास त्यांना विनातिकीट आत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती."