शिशाच्या दारावरची थाप

साहेब, शिशाच्या दाराआडची ती खोली रिकामी आहे असं तुम्ही सांगितलंत, ते धडधडीत खोटं आहे.

इस्पितळाच्या तळघरात किरणं मोजणारा तंत्रज्ञ आता एकटाच उरलाय. त्याचा कामातला जोडीदार दादा याच खोलीत काम करून करून झिजला आणि गेला. रोग्यांच्या उपचाराचा किरणोत्सारी गोळाही तुम्ही तिथून हलवलात. आज शेवटची मोजणी झाली, की दार कायमचं वेल्ड होणार.

किरणांचं मापक रिकाम्या जागीही थोडं टिकटिकतंच. मातीत, विटांत, आपल्या हाडांतसुद्धा अणू फुटत असतात. पण कुठला कधी फुटेल, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. त्याला ताल नसतो.

आज ताल होता. दोन टिक, क्षणभर दम, एक टिक.

शिशाच्या दारातून हाक पोचत नाही, म्हणून दादा आतून अशीच थाप द्यायचा. बाहेरून उलट थाप मिळाल्याशिवाय तो कधी बाहेर पडला नाही.

तंत्रज्ञाने तुम्हाला फोन केला. तुम्ही हसलात. "अहो, कान वाजतायत तुमचे! ना बायको, ना पोर. जरा माणसांत जात जा."

माणसांत? त्याचं माणूस एकच होतं.

त्याने दारावर थाप दिली. दोन, दम, एक.

मापक पार गप्प झालं. विटांची, हाडांची टिकटिकसुद्धा थांबली. आणि दाराची मूठ आतून हळूच खाली झुकली.

साहेब, तुमचा वेल्डर जिना उतरतोय. दार उघडू द्यायचं की नाही? उत्तर द्या!