पडलेले शिपाई

मास्तर दारातच थबकले. भला मोठा हॉल, तीस-चाळीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, चांगली बाप्ये माणसं वाकून बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई सरकवत होती. कोणी फासे टाकत होतं, कोणी मोजपट्टीने अंतर मोजत होतं. एक जण भिंग लावून घोड्याच्या शेपटीला रंग देत होता.

"हे सगळे कामधंद्याला असतात ना?" मास्तरांनी लेकीला विचारलं.

"बाबा, हळू बोला."

लेकीला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा कसला, चौतिशीचा घोडा. आणि दर रविवारी म्हणे खेळण्यातल्या लढाया लढतो! "मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघेन आणि त्याच संध्याकाळी हो की नाही ते सांगेन," असं मास्तरांनी ठणकावलं होतं. एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस, ऐकीव गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते असल्या ठिकाणी आले होते.

लिफ्टवाला हात पुसत पुढे आला. त्याने खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. "काका, उपांत्य सामना आहे. कंटाळा आला तर सांगा हं." समोर खेळायला एक दंतवैद्य होता. तीन तास झाले तरी लढाई संपेना. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण दोघंही आरडाओरडा करत नव्हते, एवढं त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

जेवणाची सुट्टी झाली. गुडघे दुखत होते म्हणून मास्तर जागचे हलले नाहीत. "माझं इथेच घेऊन या," म्हणाले. सगळे गेले आणि त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. काय तो अवतार! निम्मी फौज उताणी, पालथी, कुठेही लोळत पडलेली. एवढ्या कष्टाने रंगवायचं, पट्ट्याचं बक्कलसुद्धा सोडायचं नाही, आणि उठताना साधं नीट उभं करून जायचं नाही? मास्तरांच्या हाताला राहवेना. त्यांनी एकेक शिपाई उचलला आणि ज्याच्या त्याच्या तुकडीत उभा केला. मग मान तिरकी करून रांग पाहिली. दोघे जरा पुढे आले होते, त्यांना मागे घेतलं. अंगाला बरं वाटलं.

सगळे जेवून परतले तेव्हा पहिला ओरडला तो दंतवैद्य. "अरे देवा! मेलेले सगळे उठून उभे राहिलेत!"

मेलेला शिपाई आडवा करायचा आणि पडला तिथेच ठेवायचा, असा त्यांच्यात नियम होता. कोण मेलं, कोण जिवंत, याची तेवढीच एक खूण.

गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पंचबाई आल्या. "टेबलाला हात कोणी लावला? ज्याने लावला त्याने सरळ सांगावं. त्याला कोणी खाणार नाही."

नेमकं हेच वाक्य मास्तरांनी शाळेत हजारदा म्हटलं होतं. काच कोणी फोडली, घंटा कोणी लपवली, पुढे या. आणि पोरं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभी राहायची. आता मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघत होते. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण लेक समोर, तो समोर, आणि मेला शब्द काही बाहेर पडेना.

लिफ्टवाल्याने त्या शिपायांच्या सरळसोट रांगांकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"जाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "आम्हाला आठवतंय. परत मांडतो."

दोघं मांडायला लागले. दंतवैद्याने आपले अकरा आडवे केले, बारावा कोणता यावर डोकं खाजवलं. लिफ्टवाल्याने आपले चौदा आडवे केले. मग जरा थांबला, आणि पांढऱ्या घोड्यावरच्या सेनापतीला त्याने अलगद कुशीवर निजवलं.

"हा गेला होता?" दंतवैद्य म्हणाला. "माझ्या लक्षात नाही रे. मी जिवंतच धरला असता."

"सुट्टीच्या जरा आधी गेला. तुझा शेवटचा फासा."

सेनापतीवाचून ती फौज अर्धा तास टिकली. लिफ्टवाला हरला, दंतवैद्याशी हात मिळवला आणि शिपाई डब्यात भरायला बसला. मास्तरांना त्याने आणखी एकदा पाणी हवं का विचारलं. बाटली घेताना मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

लेक त्यांना बाहेर पायऱ्यांपर्यंत सोडायला आली.

"बाबा, संध्याकाळ झाली. सांगा आता."

"ते शिपाई मी उभे केले होते."

"माहितेय. इतकी सरळ रांग दुसरं कोण लावणार?"

"त्यालाही कळलं होतं."

"हो. मग?"

मास्तरांनी कठडा धरला. "मुलगा मला पसंत आहे," ते म्हणाले. "मी त्याला चालेन का, ते आत जाऊन विचारून ये. तोवर मी इथे उभा राहतो."