दहापैकी नऊ

कंडक्टरबाई केस जिंकल्या. बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची सही पुरे, नवऱ्याची लागणार नाही, असं देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टानं एकदाचं सांगून टाकलं. केस घातली तेव्हा पोटातली गाठ लिंबाएवढी होती, निकाल लागला तेव्हा मोसंबीएवढी. त्यालाही चार महिने झाले, पण सरकारी इस्पितळाच्या खिडकीवर असं काही घडलेलंच नव्हतं.

"नवऱ्याची सही?" कारकुनानं फॉर्म परत सरकवला.

"तो कधीच पळून गेला. आणि आता सही लागत नाही. हा घ्या निकाल."

पहिलं पान बघताच कारकून हरखला. "अहो, म्हणजे तुम्हीच त्या? खात्याच्या परीक्षेत तुमच्यावर प्रश्न होता! दहापैकी नऊ पडले मला. तुमच्या कृपेनं बढती मिळाली, ताई."

"मग घ्या की माझी सही!"

"घेतली असती हो. पण फॉर्मवर नवऱ्याची चौकट आहे. ती रिकामी दिसली की साहेब फॉर्म परत पाठवतात. नवे फॉर्म छापा, असा अर्ज अजून कोणी केलेला नाही. तुम्ही करता?"

कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी कोरा कागद ओढला आणि कागद फाटेल इतका जोर देऊन लिहिलं:

"सविनय विनंती की, नवीन फॉर्म छापून येईपर्यंत अर्जदाराच्या पोटातील गाठीस वाढण्यास मनाई करण्यात यावी, व तसा लेखी आदेश सदर गाठीस तात्काळ बजावण्यात यावा."