उभं नाणं

"थांबा, बंद करू नका," कातारी म्हणाला आणि लाकूड कातायच्या फिरत्या लेथच्या डोक्यावर त्याने तळहात टेकवला. डोळे मिटले. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा केला.

दाराजवळच्या स्टुलावर त्याची बायको बटाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हा चेहरा आता तिला पाठ झाला होता. विकत घ्यायला म्हणून बघितलेलं हे तिसरं जुनं लेथ. पुढे तो काय म्हणणार, तेही तिला पाठ होतं.

"थरथरतंय," कातारी म्हणाला.

"थरथरतंय?" फर्निचरवाला हसला. मशीन त्याचं. खाटांचे पाय हल्ली त्याला तयार मिळत होते, म्हणून कोपरा अडवून बसलेलं हे धूड त्याला काढायचं होतं. पण मशीन काढायचं म्हणून त्याची अब्रू काढू द्यायची, हे काही त्याला मंजूर नव्हतं. "मिस्त्री, बेअरिंग आत्ता नवीन टाकलंय."

"टाकलं असेल. बसलं नाही."

मशीन सुरू करण्याआधी कातारीने सगळं बघून घेतलं होतं. लोखंडावरून बोट फिरवलं होतं. पट्ट्याचा सांधा चाचपला होता. लाकूड धरणारी दोन्ही टोकं समोरासमोर आणून एक डोळा मिटून बघितली होती, आणि टोकाला टोक बरोब्बर भेटलं होतं. तो खाली वाकला, उठला, पुन्हा वाकला. खोट सापडत नव्हती, आणि सापडत नाही म्हणूनच त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अहो, चांगलं दिसतंय की," बायको म्हणाली. "जिन्याच्या कठड्याचे दांडे अडलेत तिकडे. गिऱ्हाईक रोज दारात येऊन बसतंय. आता त्याला ताट वाढायचंच काय ते राहिलंय."

"दिसायला काय, आपलंही चांगलंच दिसत होतं."

स्वतःचं लेथ त्याने भंगारात देऊन टाकलं होतं. कातलेल्या लाकडावर लाटा उमटवायला लागलं म्हणून.

त्याने खिशातून नाणं काढलं. "आमचे उस्ताद म्हणायचे, लेथ खरं की खोटं ते नाण्याला विचारा. चालू मशीनच्या डोक्यावर उभं राहिलं, तर लोखंड शांत. पडलं, तर चालते व्हा."

त्याने नाणं कडेवर उभं केलं. पडलं. पुन्हा उभं केलं. पुन्हा पडलं, आणि घरंगळत खालच्या भुशात गेलं. तो गुडघ्यांवर बसला, भुसा चिवडून नाणं घेऊन वर आला आणि श्वास रोखून आणखी एकदा ठेवायला गेला. बोटांतून सुटण्याआधीच ते आडवं झालं.

"बघितलंत?" त्याच्या आवाजात जरा आनंदच होता. "बेअरिंग गेलंय."

फर्निचरवाल्याचे कान लाल झाले. "द्या इकडे." त्याने नाण्यावरची धूळ फुंकली, बरोबर त्याच जागी ते उभं केलं आणि बोटं काढून घेतली.

नाणं उभं राहिलं.

मोटर घुमत होती, पट्टा फिरत होता, खिडकीची काचसुद्धा बारीक वाजत होती. नाणं आपलं उभंच. पडायचं विसरल्यासारखं.

कातारी नाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फरशी वाकडी आहे तुमची."

"वा. म्हणजे नाचता येईना..." फर्निचरवाल्याने सुरुवात केली आणि मध्येच थांबला. कातारीने मशीनवरचा हात काढला होता. उजवा हात हवेत होता, रिकामा, आणि तरीही काहीतरी काम करत असल्यासारखा हलत होता. उरलेली म्हण फर्निचरवाल्याने गिळून टाकली.

बायकोनेही तो हात बघितला. बशीत सांडणारा चहा. शर्टाचं वरचं बटण, रोज उघडं. 'कसली मेली घाई असते तुम्हाला,' असं ती रोज म्हणत आली होती.

ती उठली. बटाट्यांची पिशवी तिने दाणकन लेथवर ठेवली.

नाणं डुललं आणि पडलं.

"पडलं," ती म्हणाली. "थरथरतंयच हो तुमचं मशीन. आम्ही दुसरं बघतो."

फर्निचरवाल्याने पिशवीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. मग हात लांब करून बटण बंद केलं.

"हो वहिनी," तो म्हणाला. "जुनं झालंय ते. पट्टाही ढिला असेल."

बाहेर रस्त्यावर गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. दोघं कडेला उभी राहिली.

"पिशवी दे इकडे," कातारी म्हणाला.

"राहू द्या. हलकीच आहे."

"हलकी आहे, तर नाणं कसं पडलं?"

ती गाड्यांकडे बघायला लागली. तोही तिच्याकडे न बघता समोरच बघत होता. उजवा हात त्याने खिशात घातला होता, आणि खिशात नाणं किल्लीवर वाजत होतं. बारीक, न थांबता. शेजारी उभा असलेला माणूस वळून बघायला लागला, तशी ती मोठ्याने बटाट्यांविषयी बोलायला लागली.